चौकटीभोवतीची पट्टी

मराठवाड्यात केजकडच्या जुन्या माळवदाच्या घराची भिंत सरळ नसते. नूतनीकरणात तिथे नवी चौकट बसवली की कडेला कुठे बारीक, कुठे बोटभर फट उरते. ती झाकायला सुतार पट्टी मारतो. खरी परीक्षा कोपऱ्यात: दोन्ही टोके ४५ अंशांत कापून जुळवायची.

लाकूड रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून पावसाळ्यात दमट लाकूड वापरले, तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तोच सांधा आतल्या बाजूने उघडतो. लोक मिस्त्रीला दोष देतात. बहुधा दोष घाईचा असतो. पट्ट्या आणून आठवडाभर त्याच घरात, हवा खेळेल अशा ठेवाव्यात. गुण्यावर विसंबू नये, कोपरा प्रत्यक्ष मोजावा. तो ९० अंशांत नसेल तर कापही बदलतो. उघडलेल्या सांध्यात पुटीन भरून भागवणारेही भेटतात, पण ते रंगाखालून तडकतेच.