शटडाउनला घाई नको

नागपूरच्या वेशीवर कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं उभी आहेत, तरी मृगाआधीच्या वादळात फांदी तारेवर पडली की वस्तीतली लाइन जातेच. त्या क्षणी दुकानातल्या संगणकावर बिल 'सेव्ह' झालेलं दिसत असलं, तरी ते डिस्कवर उतरलेलं असेलच असं नाही. लिनक्समध्ये प्रोग्रामनं खास आग्रह धरला नाही, तर मजकूर आधी रॅममध्ये थांबतो आणि साधारण 30 सेकंदांनी डिस्ककडे धाडला जातो. डिस्कही बहुधा तो आपल्या कॅशमध्ये ठेवून घेते आणि 'मिळाला' असं कळवून मोकळी होते. दोन्ही मुक्काम वीज असेपर्यंतचेच.

म्हणून शटडाउन हे संगणकाचं शेवटचं आणि फार जोखमीचं काम आहे. आधी प्रोग्राम थांबतात, रॅममधला मजकूर डिस्कवर जातो, फाइल सिस्टिम नीट मिटल्याची खूण करते, मग डिस्कला कॅश रिकामी करायचा आदेश मिळतो. हार्ड डिस्क आपलं हेड तबकडीवरून बाजूला नेऊन ठेवते. एनव्हीएमई एसएसडीला बंद होण्याची सूचना दिल्यावर तिच्याकडून 'आवरलं' असा निरोप येईपर्यंत थांबावं लागतं. या थांबण्यातच सगळी सुरक्षितता आहे, आणि पॉवर बटण दाबून धरणारा नेमकी तीच मोडतो.

एनटीएफएससारख्या फाइल सिस्टिम बदलांची नोंदवही ठेवतात, मग भीती कसली, असं कुणी म्हणेल. ती नोंदवही फाइल सिस्टिमचा सांगाडा सावरते. अर्धवट राहिलेलं तुमचं बिल भरून देत नाही. एसएसडीत फिरणारे भाग नसतात हे खरं, पण कोणता मजकूर कुठल्या चिपमध्ये आहे याचा तक्ता तिला सतत बदलावा लागतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2013 मध्ये 15 एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली, तेव्हा 13 मध्ये बिघाड दिसले. एक तर कायमची बंद पडली.

यूपीएस आहे ना? आहे, पण त्याची बॅटरीही संपते. तो यूएसबी केबलनं संगणकाला जोडून बॅटरी उतरताच आपोआप शटडाउन होईल अशी सोय करा. आणि पडद्यावर 'शटिंग डाउन' दिसत असताना बोर्डाच्या बटणाला हात लावू नका.