ताजी मासळी : कोणत्या महिन्याची, कोणत्या किनाऱ्याची?

मंडळी, वाशिमला समुद्र नाही. तरी जुलैत हॉटेलच्या पाटीवर ‘ताजी सुरमई’ दिसली, तर ते खोटंच का? थांबा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. पावसाळा हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ. पण पूर्व किनाऱ्यावर ही बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जुलैत आंध्राकडून बर्फातला मासा येऊ शकतो. (‘ताजा’ हा शब्दच मोठा लबाड, कधीपासून ते सांगतच नाही!) दोन्हीकडे एकदम बंदी असते ती फक्त १ ते १४ जून. तेव्हाची सुरमई बहुधा शीतगृहातली. त्या पंधरवड्यात आचाऱ्यांनी सरळ तळ्यातला रोहू-कटला घ्यावा. त्यांचीही वीण पावसातच, पण ती वाहत्या नदीत; तळ्यात बीज बाहेरून आणून सोडतात.