पायऱ्यांखालून वाजणारा समुद्र

नळाखाली घागर लावली की तिचा आवाज ऐकलाय ना? सुरुवातीला जाड असतो, मग घागर भरत येते तसा बारीक होत जातो. आत पाणी चढतं, हवेला जागा कमी उरते, म्हणून सूर चढतो. न बघताही आपल्याला कळतं, आता नळ बंद करायचा. हेच गणित वापरून एका शहरानं आपला समुद्रकिनारा परत मिळवला, त्याची आज गोष्ट.

युरोपात क्रोएशिया नावाचा देश आहे. तिथलं झादर हे जुनं शहर जिभेसारख्या जमिनीवर वसलंय, तिन्ही बाजूंना समुद्र. दुसऱ्या महायुद्धात, 1943-44 साली, त्याच्यावर बॉम्ब पडले. पुष्कळ घरं जमीनदोस्त झाली. पुढे घाईनं बांधकाम झालं आणि किनाऱ्याच्या मोठ्या भागात सरळसोट काँक्रीटचा धक्का आला. समुद्र दिसायचा, पण टेकावं, पाय सोडून बसावं अशी सोय राहिली नाही.

हे आपल्या ओळखीचं आहे. आमच्या गावात नदीला भिंत बांधली. पुराचं पाणी अडवायला, ते बरोबरच. पण घाट ठेवला नाही. आता गोधड्या धुवायच्या तर बाया लांबचा वळसा घालून जातात आणि शेवाळलेल्या दगडांवरून घसरतात. भिंत आखणाऱ्याला पायरी सुचली नाही. त्याला कुठे गोधडी धुवायची होती!

झादरमध्ये निकोला बाशिच या वास्तुरचनाकारानं 2005 साली पायऱ्याच बांधून घेतल्या. दगडाच्या, रुंद, पाण्यात उतरणाऱ्या, साधारण 70 मीटर लांब. त्यांच्या पोटात लहानमोठ्या 35 नळ्या आहेत. लाट आली की पाणी नळीत शिरतं आणि आतली हवा पुढे रेटतं. ती हवा शिट्टीसारख्या फटीतून जाते, सूर उमटतो आणि वरच्या भोकांतून बाहेर येतो. लांब नळीचा सूर जाड, आखूड नळीचा बारीक. नळ्या आधीच एकमेकींशी जुळवून घेतल्यात, म्हणून गोंगाट होत नाही. वाजवणारं कुणी नाही, वीज नाही. बोट गेली की लाटा वाढतात, आवाजही वाढतो. रात्रीही ते चालूच.

लोकांना त्या सुरांचं अप्रूप वाटतं. मला पायऱ्यांचं जास्त वाटतं. सूर ऐकायला माणूस थांबला, तर त्याला बसायला जागा आहे, तिकीट नाही, कुणी उठवत नाही. म्हातारं माणूस वरच्या पायरीवर बसेल, पोरं पाण्यात पाय बुडवतील. युरोपातल्या सार्वजनिक जागांसाठीचा पुरस्कार 2006 साली या कामालाही मिळाला.

याची नक्कल मुंबईत जशीच्या तशी चालणार नाही. झादरच्या समुद्राला भरती-ओहोटी थोडीच. मुंबईत मोठ्या भरतीचं पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. पायऱ्या किती खोल न्यायच्या, हे ज्या त्या पाण्याला विचारूनच ठरवावं लागतं.

आमच्या गटानं ग्रामसभेत घाटासाठी अर्ज दिलाय. बारा पायऱ्या, धरायला एक कठडा, आणि शेवटची पायरी चैत्र-वैशाखातल्या पाण्यालाही पोचली पाहिजे, असं लिहिलंय. सूर मागितलेले नाहीत.