जमिनीच्या नोंदींतून गावाचा इतिहास

करमाड हे गाव छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) ते जालना या मार्गावर वसलेले आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. राजवटी बदलल्या, तरी शेताची नोंद खंडित झाली नाही. म्हणून परिसर अभ्यासात घराण्याचा मागोवा वडिलोपार्जित जमिनीपासून घेणे सोयीचे होय.

शोध आजपासून मागे न्यावा. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. जमीन वारसाने, वाटणीने की खरेदीने आली, हे त्या त्या फेरफारावरून कळते. एकत्रीकरणामुळे सर्व्हे नंबराच्या जागी गट नंबर आला असल्यास जुना नंबर आधी शोधावा. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक हा पुढचा मोठा आधार. त्याहून जुने कागद बहुधा उर्दूत, क्वचित मोडीत असतात व त्यांत फसली सन असतो. त्यात ५९० मिळविले असता इसवी सन अदमासे निघतो. १३४४ फसली म्हणजे १९३४ च्या सुमाराचे वर्ष.

या नोंदींचे मोल केवळ इतिहासापुरते नाही. २०२३ साली शासनाने नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे तपासली, तेव्हा पणजोबांच्या नावापुढील एका शब्दाला केवढे महत्त्व असते, हे घरोघरी कळले.

तथापि दप्तर सर्वांविषयी बोलत नाही. लेकी-सुनांची नावे जुन्या नोंदींत थोडी आढळतात. शेतमजुरांची तर बहुधा नाहीतच. वर्गात केवळ सातबारा मागितला, तर भूमिहीन घरचे मूल खाली मान घालून बसेल. त्याच्या आजोबांनी कोणती विहीर खणली, कोणाच्या शेतात राबले, आजी कोणत्या गावाहून आली, हे वडीलधाऱ्यांकडून विचारून घ्यावे. सांगणाराचे नाव व तारीख घालून ते त्याच वहीत, त्याच मानाने उतरवावे. मूळ कागद मुलांकडून मागवू नयेत. नक्कल पुरेशी आहे. भाऊबंदकीचा वाद चालू असेल, तेथे वर्गात चर्चा टाळावी.

शेंद्रा औद्योगिक क्षेत्रासाठी करमाड परिसरातील शेतजमिनी संपादित झाल्या आहेत. तेथील शेतांची नावे, बांधांवरची झाडे व पाऊलवाटा जाणणारी माणसे आज वृद्ध आहेत. ही माहिती याच शालेय वर्षात लिहून घेणे इष्ट होय.