आधी ऐका, मग बोला : घरातल्या वायफायची शिस्त

गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत आमच्या इमारतीतल्या एका मुलीचा ऑनलाइन वर्ग रोज संध्याकाळी अडखळत असे. वडिलांनी दुप्पट वेगाचा प्लॅन घेतला, तरी फरक पडेना. ‘‘काका, पैसे भरूनही तसंच आहे हो,’’ असे ती म्हणाली, तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. मी अभियंता नाही. रेडिओ उघडून पाहण्याच्या नादातून आणि पुस्तकांतून जे शिकलो तेवढेच. पण दोष तारेत नसून हवेत आहे, हे लवकरच ध्यानात आले.

इंटरनेट आणि वायफाय हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः इंटरनेट घरापर्यंत येते ते बहुधा तारेतून. तिथून मोबाइलपर्यंतचा शेवटचा दहा-वीस फुटांचा प्रवास रेडिओलहरींवरून होतो. तेवढ्याच टप्प्याला वायफाय म्हणायचे. प्लॅन वाढवला की तारेतून जास्त माहिती येते. हवेतली वाट मात्र होती तेवढीच राहते.

आणि ही वाट सामाईक आहे. आकाशवाणी केंद्राला स्वतःची लहर नेमून दिलेली असते; वायफायला तशी कोणी दिलेली नाही. अमेरिकेने १९८५ साली काही रेडिओपट्टे या प्रकारच्या उपकरणांसाठी विनापरवाना खुले केले, त्यांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता. भारतात तो २००५ साली खुला झाला. अट अशी, की शक्ती मर्यादित ठेवायची आणि दुसऱ्याच्या लहरींचा उपद्रव झाला तर दाद मागायची नाही. ब्लूटूथ याच पट्ट्यात चालते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधून निसटणाऱ्या लहरीही इथेच येतात.

मालक नाही, मुकादम नाही. मग गोंधळ कसा होत नाही? याचे मूळ हवाई बेटांवर सापडते. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली ‘अलोहानेट’ सुरू केले. अनेक ठिकाणची यंत्रे एकाच रेडिओलहरीवरून मुख्य संगणकाकडे माहितीची छोटी पाकिटे धाडत. दोघांची पाकिटे एकदम निघाली की दोन्ही निकामी होत. तोडगा साधा होता : पोच आली नाही तर मनाला येईल तेवढा वेळ थांबा आणि पुन्हा धाडा. मात्र यात उपलब्ध वेळेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच सत्कारणी लागतो, हे गणिताने दिसून आले.

वायफायचे पहिले मानक १९९७ साली आले. त्यात थांबण्याची ही रीत तर आहेच, पण तिच्याआधी ऐकण्याची सक्ती आहे. कोणी बोलत असेल तर उपकरण गप्प राहते. शांतता झाली की ते मनातल्या मनात एक आकडा धरते, सहसा ० ते १५ मधला, आणि उलट मोजू लागते. आजच्या उपकरणांत प्रत्येक अंकाला ९ मायक्रोसेकंद लागतात. मध्येच दुसरे कोणी बोलले तर मोजणी थांबते आणि नंतर तिथूनच पुढे चालू होते. टक्कर झाली तर पुढचा आकडा ० ते ३१ मधून, मग ० ते ६३ मधून. गर्दी वाढली की प्रत्येकाने आपणहून अधिक थांबायचे, असा हा नियम.

टक्कर झाल्याचे बोलणाऱ्याला ऐकू मात्र येत नाही. राउटरमधून निघालेली शक्ती पलीकडच्या खोलीत पोहोचेपर्यंत साधारण कोट्यंशच उरते. स्वतःच्या आवाजापुढे दुसऱ्याचे इतके क्षीण बोलणे ऐकू यायचे कसे? म्हणून प्रत्येक पाठवणीची पोच घ्यावी लागते आणि त्यातही वेळ जातो.

आता त्या मुलीच्या घराकडे वळू. राउटर लोखंडी कपाटामागे होता. लहर क्षीण झाली की उपकरण हळू बोलते, म्हणजे तेच वाक्य सांगायला हवा जास्त वेळ अडवते आणि बाकीचे ताटकळतात. दुसरे म्हणजे, त्यांचा राउटर ३ क्रमांकाच्या वाहिनीवर होता. या पट्ट्यात १३ वाहिन्या आहेत, पण त्या एकमेकींवर चढलेल्या; १, ६ आणि ११ एवढ्याच नीट वेगळ्या राहतात. ३ वरच्याला १ आणि ६ वरच्या शेजाऱ्यांचे बोलणे कळत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. मग पाळी लावणेही जमत नाही.

आम्ही राउटर मधल्या खोलीत उंचावर ठेवला आणि १ वर नेला. टीव्ही जागचा हलत नाही, म्हणून त्याला तार जोडली. तिचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घेतला. त्या लहरी भिंतींत लवकर अडतात, म्हणून तिथे शेजाऱ्यांची गर्दी कमी. वर्ग सुरळीत झाला. ‘‘मग जास्त ताकदीचा राउटरच घ्यायचा का?’’ असे वडिलांनी विचारले. त्याने मोबाइलचा आवाज वाढत नाही. उलट आणखी चार घरांना गप्प बसावे लागते. कार्यालयांतही म्हणूनच एका थोराड राउटरऐवजी कमी शक्तीचे अनेक लावतात आणि लगतच्यांना वेगळ्या वाहिन्या देतात.

तेव्हा जास्त पैसे भरण्याआधी एकदा राउटरला थेट तार जोडून वेग पाहावा. तारेवर तो पुरेसा असेल, तर प्लॅन राहू द्यावा आणि शेजारच्या दारावर टकटक करावी. कोणी कोणती वाहिनी घ्यायची, हे दोन घरांनी बोलून ठरवायला खर्च काहीच येत नाही.