चाकांवरचं गणित (भाग ९) : पेलणं वेगळं, ओढणं वेगळं

पिकअपच्या ड्रायव्हरला ‘गाडीची भारक्षमता किती’ असं विचारलं, तर तो क्षणभर आपल्याकडे नुसता बघत राहतो. ‘पासिंग किती?’ म्हटलं की उत्तर तयार असतं, ‘तेराशे किलो.’ आणि पाठोपाठ, ‘पण दोन टन आरामात घेते.’ दोन्ही वाक्यं तो प्रामाणिकपणे बोलत असतो. घोटाळा आहे तो ‘घेते’ या क्रियापदात.

पासिंगचा आकडा निव्वळ वजाबाकीतून येतो. आरसी बुकात दोन वजनं असतात : रिकाम्या गाडीचं, आणि माल-माणसांसकट जास्तीत जास्त किती भरेल ते. समजा, रिकामी १,७०० किलो आणि भरलेली ३,००० किलो. उरले १,३००. पण मोटार वाहन कायदा रिकामं वजन धरताना गाडीवरचं नेहमीचं साहित्य मोजतो, ड्रायव्हर आणि मदतनीस मोजत नाही. ते दोघे त्या १,३०० मधूनच जातात. नंतर कुणी हौशीने पुढे जाड लोखंडी गार्ड लावतो, फाळके उंच करून घेतो, टपावर कॅरिअर बसवतो. एक गोणी चढायच्या आधीच दोनशे किलो संपलेले असतात.

दुसरी फसगत डोळ्यांची. हौदा अर्धा रिकामा दिसला की गाडीही अर्धी रिकामी वाटते. नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौदा घ्या. त्यात फक्त एक फूट उंचीची वाळू पसरा. झाली पन्नासेक घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास. कोरड्या वाळूचा ब्रास साधारण साडेचार टन भरतो, तेव्हा ही अर्धी वाळू सव्वादोन टनांच्या घरात गेली. ओली असेल तर त्याहून जास्त. फाळक्याच्या वर इंचभरही काही दिसत नाही आणि गाडी पासिंगच्या पावणेदोन पट भरलेली असते. उलट कडब्याच्या पेंढ्या डोक्याच्या वर रचल्या तरी गाडी वजनात बसते. (ती वाऱ्यात झुलते, ही गोष्ट निराळी.)

तरी दोन टन ‘घेते’ हे खरंच आहे. इंजिन पहिल्या गिअरमध्ये ते ओझं हलवतं, सपाट रस्त्यावर पळवतंही. गाडी मागून बसायला लागली तर गॅरेजवाला एक पाटा वाढवून देतो, आणि मालकाला वाटतं, क्षमता वाढली. पाटा वाढल्यावर गाडीचं बसणं थांबतं, एवढंच. ॲक्सल तोच, बेअरिंग तीच, टायर तेच आणि ब्रेकही तेच. टायरच्या कडेला मापानंतर एक छोटा आकडा छापलेला असतो, तो कधी वाचून पाहा. १०० म्हणजे त्या टायरने जास्तीत जास्त ८०० किलो पेलायचे, १०४ म्हणजे ९००, तेही हवा पूर्ण असेल तर. पाटा वाढवल्याने हा आकडा बदलत नाही.

ब्रेकचा हिशेब तर मला सगळ्यांत बोलका वाटतो. तीन टनांची भरलेली गाडी घाटात ३०० मीटर उंची उतरली की जी ऊर्जा सुटते, तिच्यात पंचवीस-तीस लिटर साधं पाणी उकळी येईपर्यंत तापेल. यातला काही वाटा वारा खातो. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन खातं. उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या लायनरमध्ये जिरते. एक टन जास्त भरला की आणखी आठ-नऊ लिटर उकळतं पाणी त्यात ओतलंत असं समजा. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारा तर इंजिनचा वाटाही लायनरच्याच माथी मारतो. जादा भाराला कायद्याने २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. पण घाट पावती फाडत बसत नाही.

आता ओढण्याकडे वळू. एक वाचक विचारतात, अमेरिकेतल्या भाच्याची पिकअप म्हणे चार-पाच टनांचा ट्रेलर ओढते आणि हौद्यात मात्र जेमतेम पाऊण टन घेते, हे कसं? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर आपल्या बैलगाडीत आहे. गाडीत ओझं असतं दोन टनांचं, पण ते चाकं पेलतात. बैलांच्या मानेवर थोडाच भार येतो. तो थोडाही नेमका लागतो. ओझं मागे सरकलं तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. फार पुढे घेतलं तर बैलांची मान दबते.

ट्रेलरचं तंत्र अगदी हेच. वजनातला दहा ते पंधरा टक्के भाग पुढच्या जोडावर यावा, असा नियम आहे. त्याहून कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही हलवतो. पण जोडावरचा हा भार अखेर पिकअपच्याच पाठीवर येतो, म्हणजे पासिंगमधून वजा होतो. भाच्याचा ट्रेलर चार टनांचा असेल तर चारशे ते सहाशे किलो जोडावर आले. साडेसातशेतले उरले दीडशे ते साडेतीनशे. भाचा, सूनबाई, दोन मुलं आणि बर्फाची पेटी बसवली की झालं. ‘पाच टन ओढते’ ही जाहिरात खोटी नसते. फक्त तो आकडा गाठायच्या आधी बहुतेकांच्या हौद्याचं पासिंग संपतं.

ओढण्याचे आकडेही पूर्वी ज्याचे त्याने ठरवलेले असत. २००८ साली तिकडे ‘जे २८०७’ नावाची सामाईक चाचणी आली. ती आधी टोयोटाने २०११ च्या टुंड्राला लावली, बाकीच्यांनी बरीच वर्षं काचकूच केली. त्या चाचणीतली चढण ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या घाटावर बेतलेली आहे. अठरा-एक किलोमीटरचा चढ, अडतीस अंशांचं ऊन, एसी पूर्ण चालू, मागे ट्रेलर. आणि वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. एसीची अट मला फार आवडते. परीक्षा घेणाऱ्याला माणसं कशी गाडी चालवतात ते ठाऊक होतं.

आपल्याकडे पिकअपमागे ट्रेलर क्वचितच दिसतो. ओढण्याचं काम ट्रॅक्टरकडे. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या चालतात, आणि त्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. चढावर ट्रॅक्टर त्यांना ओढतो, उतारावर त्या ट्रॅक्टरला ढकलतात.

खरं वजन कळायला वजनकाट्यासारखं दुसरं साधन नाही. ट्रेलर जोडलेला असेल तर फक्त पुढच्या गाडीची चाकं काट्यावर घ्या, ट्रेलरची चाकं बाहेर राहू द्या; जोडावरचा भार त्यात आपोआप मोजला जातो. आणि एक करा. मालाच्या हिशेबासाठी भरल्या आणि रिकाम्या दोन्ही काट्यांना ड्रायव्हर खाली उतरला तरी फरक पडत नाही. गाडीच्या हिशेबासाठी मात्र त्याला आत बसवूनच काटा करायचा, आणि वाटेत ज्यांना बसवून घ्यायचं आहे त्यांनाही.