कै. पंडित विष्णु नारायण भातखंडे : चिजांचे संग्राहक आणि लक्षणगीतांचे कर्ते

ऐतिहासिक पत्राचें संपादन कसें करावें याची रीत आपल्याकडे आतां चांगलीच रुळली आहे. पत्र कोणाच्या दप्तरांतलें, अस्सल कीं नक्कल, दुसरी प्रत मिळते काय, मिळाल्यास पाठांत फरक कोठें पडतो, हें पाहिल्याशिवाय जाणता संशोधक त्यावर विधान करीत नाहीं. परंतु ज्या लेखास कागदच नाहीं, जो केवळ गवयाच्या गळ्यांत राहतो आणि गवयाबरोबरच नाहींसा होतो, त्याचें संपादन कसें व्हावें ? हिंदुस्थानी संगीतांतील चीज ही अशाच जातीची सामग्री आहे. तिचा संग्रह पोथीसंग्राहकाच्या चिकाटीनें मोठ्या प्रमाणावर ज्यांनीं केला, त्या पंडित भातखंडे यांच्या कार्याचा या दृष्टीनें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पंडितजींचा जन्म मुंबईस वाळकेश्वर येथें १० ऑगस्ट १८६० रोजीं झाला. १८८५ सालीं ते बी. ए. व १८८७ सालीं एल्एल्. बी. झाले, कांहीं काळ कराची व मुंबई येथें त्यांनीं वकिली केली. गायनाचा नाद लहानपणापासूनच होता. प्रथम सतार, नंतर रावजीबुवा बेलबागकर यांजपाशीं ध्रुपदें, असा त्यांचा अभ्यासक्रम झाला. पारशी मंडळींनीं १८७० सालीं स्थापिलेल्या गायन उत्तेजक मंडळींत त्यांस नाना घराण्यांचे गवई ऐकावयास मिळाले. पत्नी व कन्या निवर्तल्यावर प्रपंचाचा पाश उरला नाहीं, आणि पुढें वकिलीही सोडून त्यांनीं सर्व आयुष्य या एका विषयास वाहिलें. मात्र वकिलीनें लावलेली संवय सुटली नाहीं : पुरावा मागावा, साक्ष तपासावी, आणि मग निर्णय द्यावा.

१९०४ सालीं त्यांनीं दक्षिणेचा प्रवास केला. एट्टयपुरम् येथें सुब्बराम दीक्षितर यांची भेट झाली. व्यंकटमखीच्या ७२ मेळांची पद्धति व त्याचा चतुर्दण्डिप्रकाशिका हा ग्रंथ यांचा निकट परिचय त्यांस झाला तो या प्रवासामुळें. पुढें १९०७ व १९०८ सालीं नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, अलाहाबाद, काशी इत्यादि स्थळें त्यांनीं पाहिलीं. जेथें जावें तेथें पंडितांस व गवयांस प्रश्न विचारावे, ग्रंथसंग्रह पाहावे, पोथ्यांच्या नकला कराव्या, आणि रात्रीं सर्व हकीकत दैनंदिनींत टिपावी, असा क्रम होता. रामामात्याचा १५५० चा स्वरमेलकलानिधि, लोचनाची रागतरंगिणी, पुंडरीक विठ्ठलाचे ग्रंथ, बिकानेरच्या अनूपसिंहाच्या आश्रयास असलेल्या भावभट्टाचे ग्रंथ, अशी कितीतरी सामग्री त्यांच्या खटपटीनें छापून बाहेर आली. यांपैकीं बहुतेक ग्रंथ तोंवर राजसंग्रहांत किंवा खाजगी रुमालांत पडून होते.

पण पोथी मिळाली म्हणजे अर्थ मिळाला असें होत नाहीं. याचें एक उदाहरण देतों. अहोबलाचा संगीतपारिजात, हृदयनारायणदेवाचा हृदयप्रकाश आणि श्रीनिवासाचा रागतत्त्वविबोध या ग्रंथांत स्वरांचीं स्थानें तारेच्या लांबीवरून सांगितलीं आहेत. मेरूपासून घोडीपर्यंत तार ३६ इंच धरावी. तिचा निम्मा भाग, म्हणजे १८ इंच वाजला कीं तार षड्ज होतो. ३६ व १८ यांच्या मध्यावर, २७ इंचांवर, मध्यम. तारेचे तीन भाग करून एक भाग सोडला कीं २४ इंचांवर पंचम. आणि षड्ज व पंचम यांच्या बरोबर मध्यें, ३० इंचांवर, गांधार. ग्रंथकार यास शुद्ध गांधार म्हणतात. आतां वाचकांनीं तंबोऱ्याची तार या मापानें दाबून पाहावी : जो स्वर निघतो तो आजचा कोमल गांधार होय, आजचा शुद्ध गांधार २९ इंचांच्या आंत येतो. यावरून या ग्रंथांचें शुद्ध सप्तक आजच्या काफीचें ठरतें. आजच्या गवयाचें शुद्ध सप्तक मात्र बिलावलाचें आहे, व पाटण्याच्या महंमद रजानें १८१३ सालच्या नगमाते आसफी या ग्रंथांत तेंच धरलेलें आहे.

जुन्या कागदांतील बिघा जसा प्रांताप्रांतांत व काळाकाळांत निराळा, तसाच हा 'शुद्ध' शब्द. माप न पाहतां पोथी वाचली, तर राग सगळाच उलटा होतो. पंडितजींनीं यांतून असा सिद्धांत काढला कीं, ग्रंथांतील लक्षण व गवयाच्या मुखांतील लक्ष्य यांचा विरोध आल्यास लक्ष्य प्रमाण मानावें. ग्रंथाचा उपयोग इतिहासासाठीं करावा, चालू गाणें मोडण्यासाठीं नव्हे. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी हे त्यांचे दहा थाट याच धोरणानें बांधलेले आहेत. त्यांत सर्व राग नीट बसतात असें नाहीं. वर्गीकरणाची ती एक सोय आहे.

या सिद्धांतास शास्त्राचें रूप देतांना त्यांनीं एक चमत्कारिक मार्ग धरिला. १९१० च्या सुमारास श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा अनुष्टुभ् श्लोकांतील संस्कृत ग्रंथ 'चतुरपंडित' या नांवानें निघाला. त्याच सुमारास हिंदुस्थानी संगीत पद्धति हा गुरुशिष्यसंवादरूप मराठी ग्रंथ 'विष्णुशर्मा' या नांवानें निघूं लागला, आणि त्यांत चतुरपंडिताचे श्लोक दुसऱ्या कोणा आचार्याचे असावे तसे आधारास घेतलेले आहेत. दोन्ही नांवांमागें व्यक्ति एकच ! लोकांचा विश्वास संस्कृत वचनावर अधिक, हें ते ओळखून होते. शंभर वर्षांनीं एखाद्या संग्राहकाच्या हातीं मुखपृष्ठ गळालेली प्रत आली, तर तो तीस जुना ग्रंथ समजेल ही भीति खोटी नाहीं. म्हणून ही गोष्ट नोंदवून ठेवणें अवश्य आहे.

आतां त्यांच्या रचनांकडे वळूं. 'चतुर' व 'हररंग' या मुद्रांनीं त्यांनीं पुष्कळ चिजा बांधल्या. त्यांत लक्षणगीतें हीं विशेष. लक्षणगीत म्हणजे ज्या रागांत गावयाचें त्याच रागाचें वर्णन शब्दांत असणारें गीत. थाट कोणता, वादी संवादी कोण, वर्ज्य काय, समय कोणता, हें सर्व शब्द सांगतात आणि स्वर करून दाखवितात. विद्यार्थ्यानें गीत पाठ केलें कीं नियमही पाठ होतो, व नियमाचें उदाहरण त्याच क्षणीं गळ्यांत असतें. हा प्रकार दक्षिणेंत आधींच रूढ होता. दीक्षितर यांच्या १९०४ सालच्या संगीतसंप्रदायप्रदर्शिनींत व्यंकटमखीच्या नांवावर अशीं गीतें दिलेलीं आहेत. पंडितजींनीं तो हिंदुस्थानी रागांस लावून शिक्षणाचें साधन बनविलें.

स्वतःच्या रचनांहून मोठा असा त्यांचा चिजांचा संग्रह. जयपूरच्या मनरंग घराण्याचे महंमदअलीखां, रामपूरचे वजीरखां, ग्वाल्हेरचे एकनाथ पंडित इत्यादि अनेकांकडून त्यांनीं चिजा मिळविल्या. विद्या घरांत झांकून ठेवण्याचा तो काळ. चीज मिळवावयाची तर शागीर्द व्हावें लागे, आणि वयानें व कीर्तीनें मोठे झाल्यावरही ते शागीर्द झाले. या चिजा क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सुमारें १८०० च्या संख्येनें छापल्या आहेत. स्वरलिपि अगदीं सोपी : कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खालीं व तार सप्तकास वर टिंब. छापखान्यास सोयीची व विद्यार्थ्यास सुबोध अशी ही लिपि आज हिंदुस्थानी संगीताच्या पुस्तकांत सर्वत्र चालते.

शिक्षणसंस्थांचा वृत्तांत थोडक्यांत सांगतों. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयानें १९१६ सालीं बडोद्यास संगीत परिषद भरली. पुढें दिल्ली, काशी व लखनौ येथें भरल्या. १९१८ सालीं ग्वाल्हेरचें माधव संगीत विद्यालय व १९२६ सालीं लखनौचें मॅरिस कॉलेज निघालें. या दुसऱ्या संस्थेस पुढें विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ग्वाल्हेरीस राजाभय्या पूछवाले आणि लखनौस श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनीं ही परंपरा चालविली. १९३३ सालीं पंडितजींस पक्षाघात झाला, व १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीस, ते वारले.

या थोर कार्यांत एक उणीव राहिली, ती संग्राहकांनीं स्पष्ट ओळखली पाहिजे. क्रमिक पुस्तकांत बहुतेक चिजांखालीं ती कोणाकडून, कोठें व केव्हां मिळाली, हें दिलेलें नाहीं. एकच चीज दोन घराण्यांत निराळ्या वळणानें गाइली जाते. पुस्तकांत एकच पाठ निवडून छापला आहे, व उरलेले पाठ टाकले आहेत. घराण्यांच्या अभिमान्यांनीं यावरून केलेली तक्रार सर्वस्वी अन्यायाची म्हणतां येत नाहीं. तथापि त्याचें कारण आळस किंवा पक्षपात नसून शिक्षकाची अडचण आहे. वर्गांत तीस मुलें बसलीं असतां त्यांपुढें पाठभेद मांडून चालत नाहीं. त्यांस एक निश्चित पाठ द्यावा लागतो. संग्राहकाचें कर्तव्य मात्र नेमकें उलट : त्यानें एकही पाठ टाकतां कामा नये. एकाच पुरुषास दोन्ही भूमिका घ्याव्या लागल्या, आणि प्रसंगीं शिक्षकानें संग्राहकावर मात केली. विद्येचा प्रसार झाला तो त्यामुळेंच. पण त्याची किंमत पडली ती टाकलेल्या पाठांची.

ती उणीव भरून काढणें अद्याप कांहीं अंशीं आपल्या हातीं आहे. कीर्तनकार, गोंधळी, देवस्थानचे सेवेकरी व गवई यांच्या घरीं चिजांचीं बाडें अजून सांपडतात. पत्रें व हिशेब यांच्या मानानें त्यांची किंमत कमी समजून तीं रद्दींत जातात, किंवा पानें सुटीं करून विकलीं जातात. असें बाड हातीं आल्यास तें कोणत्या घरचें हें प्रथम लिहावें. पानांचा क्रम मोडूं नये. रागाचें व तालाचें नांव आजच्या समजुतीस धरून नसलें तरी दुरुस्त करूं नये. शुद्धलेखनही जसेंच्या तसें ठेवावें. त्या घरांत ती चीज म्हणणारें कोणी हयात असेल, तर गाऊन घेऊन ध्वनिमुद्रण करावें व त्यावर गाणाराचें नांव, गांव व तारीख घालावी. पंडितजींनीं छापलेला पाठ शेजारीं ठेवून असा दुसरा पाठ मिळाला, कीं त्यांनीं कोणता फांटा स्वीकारला व कोणता सोडला, हें कळूं लागेल. आणि त्यांच्या निवडीची पारख त्यांनींच शिकविलेल्या रीतीनें, म्हणजे पुराव्यावरून, करतां येईल.